दोष कूलरचा

"काहून काका, तुमच्या जन्माच्या आधीचे पिक्चर तुम्हाले एवढे काहून आवडते?" नागपुरात बर्डीवर चहा पिताना ऑफिसातली पोरं महिन्यातून एकदा तरी हे विचारतातच. जन्म माझा 1971 चा आणि जीव अडकलाय 1960 ते 63 मध्ये. आजवर हसून वेळ मारून नेत होतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून खरं सांगतो. यात माझ्या रसिकतेचा हात कमी. दोष आमच्या टीव्हीचा, आणि त्याहून जास्त कूलरचा.

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत काळापांढरा टीव्ही होता. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर जो पिक्चर लागेल तो बघायचा. रंगीत पिक्चर त्या टीव्हीवर गढूळ दिसायचा. नायिकेची लाल साडी आणि मागचं हिरवं झाड, दोन्ही एकाच राखाडीत कालवलेली. 'जंगली'तला बर्फ मला बरेच दिवस चुन्याच्या निवळीसारखा वाटत होता. पण एखाद्या रविवारी 'साहिब बीबी और गुलाम' लागला की तोच टीव्ही जणू नवा व्हायचा. त्याचे कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी प्रकाश बेतला होता तोच मुळी काळ्यापांढऱ्यासाठी. त्यातलं 'साक़िया आज मुझे' हे गाणं आठवून बघा. गाणारी उजेडात आणि मागच्या नाचणाऱ्या पोरी नुसत्या सावल्या. आमच्या चौदा इंची डब्यातसुद्धा ती सावली सावलीच दिसायची.

आता कूलर. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. खिडकीत लोखंडी कूलर, त्याला वाळ्याच्या ताट्या, आणि आवाज असा की आतल्या खोलीतून हाक मारली तर बाहेर ऐकू जायची नाही. बाबा फक्त गाण्यापुरता तो बंद करायचे. "गाणं संपलं रे, लाव," म्हणायचे, की पुढचे सगळे संवाद घरघरीत वाहून जायचे. त्यामुळे जो पिक्चर चेहऱ्यांवर चालतो तो मला कळायचा, जो संवादांवर चालतो तो कळायचा नाही.

'मुघल-ए-आझम'वर माझ्याकडून अन्याय झाला तो यातूनच. त्यातले संवाद लोकांना पाठ आहेत. मला आठवतं ते एवढंच, की जडजवाहीर घातलेली माणसं रागाने उभी आहेत आणि बराच वेळ उभीच आहेत. त्यातलं शीशमहालाचं गाणं रंगीत आहे हे तर मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आजही तो लागला की मी गाण्यांना थांबतो आणि मधे उठून जातो. 'गंगा जमुना'चंही थोडं असंच. दिलीपकुमारची ती गावरान बोली ऐकू आली नाही तर हातात उरतं काय?

याउलट 'जंगली'तली 'याहू' ही आरोळी कूलर चिरून आत यायची. तेवढ्यासाठी शम्मी कपूरला मानतो. बाकी त्या पिक्चरनंतर गोष्टी हळूहळू रंगीत डोंगरांत हवा खायला निघाल्या, ही माझी तक्रार आहे. मराठी 'पाठलाग' 1964 चा, काळापांढरा. दोन वर्षांत राज खोसलांनी त्याचा 'मेरा साया' केला. गाणी गोड, साधना सुंदर, पण कथेला उदयपूरची सहल घडली आणि काळोख मागे राहिला. मला 'पाठलाग'मधलं 'या डोळ्यांची दोन पाखरे'च पुरतं. यावर आमच्या घरी भांडण होतं. बायको 'मेरा साया'वाली.

'काबुलीवाला' पाहून आई पदराने डोळे पुसायची. तिलाही संवाद ऐकू आलेले नसायचे. बलराज साहनींचा चेहरा पुरेसा होता.

आणि नूतन. 1963 या एकाच वर्षी ती 'तेरे घर के सामने'मध्ये कुतुबमिनारात देव आनंदबरोबर खिदळते आणि 'बंदिनी'त खून करते. 'बंदिनी' मी पहिल्यांदा भर मेमध्ये पाहिला. खुनाच्या आधी तिच्या चेहऱ्यावर उजेड लखलखतो, विझतो, पुन्हा लखलखतो. बाहेर कुठेतरी वेल्डिंग चाललेलं असतं. ती काही बोलत नाही. घरात कूलर घरघरतोय, आणि मी पाटावर बसल्या जागी गारठलो होतो. त्या चेहऱ्याला दिग्दर्शक बिमल रॉयनी आवाजाची गरज ठेवलेली नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं मित्रांना छातीठोकपणे सांगत आलो.

मागच्या जानेवारीत 'बंदिनी' पुन्हा लावला. थंडीचे दिवस, कूलर गच्चीवर ताडपत्रीखाली, घरात चिडीचूप. तो प्रसंग आला आणि ठण्, ठण्, ठण्. लोखंडावर घण पडतोय, थांबायचं नाव नाही. चाळीस वर्षांत हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. रिमोट हातात तसाच राहिला.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "अहो, बाजूच्यांनी पुन्हा काम काढलं का?"