वाकडी रेघ

"बाबा, पायलट सरळ का नाही जात?" शेजारच्या सीटवरच्या मुलीनं स्क्रीनवरच्या नकाशात विमानाच्या मार्गाची कमान दाखवत विचारलं. बाबा म्हणाले, "झोप आता."

ती झोपली, माझी उडाली. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. म्हणून सगळ्यात जवळचा रस्ताच वाकडा दिसतो.

बरं, अंतर कळलं म्हणून वेळ थोडीच कळते? लंडन-न्यूयॉर्क साधारण ५,५०० किलोमीटर, जाताना तेवढंच आणि येताना तेवढंच. पण पूर्वेकडे येताना जेट स्ट्रीमचं, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहणारं, वारं पाठीशी, म्हणून तासभर सहज वाचतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तर एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला टेकलं!

तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतचं रेंगाळणंही धरलेलं असतं, ते वेगळंच.

मग "किती लांब आहे?" याचं उत्तर तुम्ही किलोमीटरमध्ये देता की तासांत?