अ‍ॅक्रिलिक टाकीवरचे ओरखडे: कुठले घासायचे, कसे घासायचे

अ‍ॅक्रिलिकच्या (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या) माशांच्या टाकीवर ओरखडा दिसला की आधी तो आतून आहे की बाहेरून, ते बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात शिरताना किती वळतो त्याचं माप) साधारण १.४९ आणि पाण्याचा १.३३. दोघांत फार अंतर नाही, त्यामुळे आतल्या ओरखड्यात पाणी भरलं की तो फिका पडतो, बारीक असेल तर दिसेनासाच होतो. बाहेरच्या ओरखड्यात कायम हवा असते, म्हणून तोच डोळ्यांत भरतो. जुनी, रिकामी टाकी विकत घेत असाल तर आतल्या ओरखड्यांवर ओलं बोट फिरवा. ओले झाल्यावर जे दिसत नाहीत, ते टाकी भरल्यावरही दिसणार नाहीत. त्यांना हात लावू नका.

उरलेल्यांवर नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर नुसत्या पॉलिशने काम होतं. अडकत असेल तर वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, लागणारच.

एक गोष्ट मात्र ओरखडा समजून घासू नका. जोडांजवळ किंवा वरच्या पट्टीच्या कोपऱ्यांत, तिरप्या उजेडात चमकणाऱ्या बारीक रेषांचं जाळं दिसतं आणि नखाला काहीच लागत नाही, तेव्हा त्या भेगा असतात. ताणामुळे किंवा चुकीच्या रसायनामुळे पडलेल्या. त्या वाढत असतील तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही, टाकीच्या मजबुतीचा होतो. पॉलिशने तो सुटत नाही.

आता बाहेरच्या बाजूचं काम. नख जेमतेम अडकत असेल तर ८०० नंबरपासून, स्पष्ट अडकत असेल तर ६०० पासून सुरुवात करा. ४०० फक्त खरोखर खोल चरीसाठी. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. आधी जागा धुऊन घ्या, कारण धुळीचा एक कण कागदाखाली आला की नवीन ओरखडा तयार. कागद दहा मिनिटं पाण्यात भिजवा आणि रबरी किंवा फोमच्या ठोकळ्यावर गुंडाळून वापरा. नुसत्या बोटांनी दाबलं तर बोटांखाली खळगे पडतात. ६०० ने आडवं, ८०० ने उभं, १००० ने पुन्हा आडवं, १५०० ने उभं, २००० ने आडवं: असं प्रत्येक नंबरला दिशा बदलत जा. आधीच्या नंबरच्या रेषा पूर्ण गेल्या की नाही, हे त्यामुळेच कळतं. प्रत्येक नंबरनंतर जागा धुवा, पुसा आणि मोबाईलचा टॉर्च बाजूने धरून बघा. आडव्या घासण्यात एक जरी उभी रेष उरली असेल तर पुढचा कागद घेऊ नका. बहुतेक कामं इथेच बिघडतात. ६०० ची राहिलेली रेष २००० ने जात नाही, ती शेवटी पॉलिश केल्यावर दिसते आणि मग परत मागे जावं लागतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फक्त ओरखड्यापुरतं घासणं. तेवढ्यात खोलगट जागा तयार होते आणि तिच्यातून मासे वाकडे दिसतात. १० सेंटीमीटरच्या ओरखड्यासाठी निदान २०-२५ सेंटीमीटरचा पट्टा धरा आणि प्रत्येक नंबरला तो थोडा वाढवत कडेला विरत न्या. २००० नंतर पृष्ठभाग धुरकट पण एकसारखा दिसायला हवा. मग नोव्हस २ सारखं प्लास्टिकचं पॉलिश मऊ सुती कापडावर घेऊन जोर देऊन चोळा, शेवटी स्वच्छ कापडाने पुसा. बफिंग मशीन वापरणार असाल तर कमी वेगावर, आणि एका जागी थांबवू नका. अ‍ॅक्रिलिक सुमारे १०० अंशांना मऊ पडतं, पण घर्षणाची उष्णता तिथे फार लवकर पोचते आणि पृष्ठभाग लिबलिबीत होऊन ओढला जातो.

आतून, भरलेल्या टाकीतही हे करता येतं. मोठ्या मत्स्यालयांत पाणबुडे पाण्याखाली असंच काम करतात. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयाची मुख्य खिडकी ८.२ मीटर उंच आणि २२.५ मीटर रुंद आहे. तेवढी टाकी प्रत्येक ओरखड्यासाठी रिकामी करणं शक्यच नाही. घरी हात घालण्याआधी हीटर, पंप, दिवे यांचे प्लग काढा. कागद किंवा मायक्रोमेश (प्लास्टिक घासायचं खास बारीक घासणीचं कापड) नवाच हवा आणि पॉलिश, साबण, टूथपेस्ट आत अजिबात नको. मायक्रोमेशचे आकडे वेगळ्या हिशेबाचे आहेत: त्याचा १५०० साध्या ४००-६०० च्या आसपास पडतो. २००० चा वॉटर पेपर आहे म्हणून तो मायक्रोमेशच्या २४०० च्या जागी घातला तर क्रमच चुकतो. पाण्याखाली १२००० पर्यंत जायची गरज नसते, कारण उरलेला धुरकटपणा पाणीच झाकतं. पाण्याच्या रेषेच्या वरचा पट्टा मात्र बारीक नंबरापर्यंत न्यायला हवा. घासलेली पूड फिल्टरच्या कापसात अडकते. तो बदला आणि २०-२५ टक्के पाणी बदला. तळाच्या वाळूपासून हात लांब ठेवा आणि जोडांवर घासू नका.

अमोनिया असलेला काच साफ करायचा स्प्रे, स्पिरिट, थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांतलं काहीही अ‍ॅक्रिलिकला लावू नका. भरलेल्या टाकीच्या भिंती पाण्याच्या दाबाने आधीच ताणलेल्या असतात, त्यावर ही द्रव्यं पडली की वर सांगितलेलं भेगांचं जाळं उमटतं. गॅसच्या ज्योतीने चकाकी आणायची युक्ती कापलेल्या कडांसाठी असते. टाकीच्या भिंतीवर ती केली तर आत ताण साठतो.

बहुतेक ओरखडे शेवाळ काढायच्या चुंबकामुळेच पडतात. वाळूचा एक कण त्यात अडकला की पुरे. म्हणून तळापासून ३-४ सेंटीमीटरपर्यंत चुंबक नेऊ नका. तिथलं शेवाळ जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा. चुंबक अ‍ॅक्रिलिकसाठीचाच घ्या आणि दर वेळी लावण्याआधी वाहत्या पाण्याखाली बोटाने चाचपा. समुद्री टाकीत सी अर्चिन (काटेरी गोल समुद्री प्राणी) ठेवू नका: तो शेवाळासोबत अ‍ॅक्रिलिकही खरवडतो.