पावसाळ्यात जिम, थंडीत घाट : जूनपासूनची नोंद

दिवाळी झाली, पहाटे बाहेर पडताना विंडचीटर लागायला लागला, आणि जूनमध्ये सुरू केलेल्या जिमचा पहिला टप्पा संपला. रविवारच्या राइडला चहाला थांबलो की आपल्या सायकल ग्रुपमध्ये हा विषय निघतोच : सायकल चालवणाऱ्याने जिम लावावी का? माझ्यापुरतं उत्तर आता पक्कं झालंय. वय चाळिशीपुढे असेल, लांब पल्ला आवडत असेल आणि राहायला बेळगाव-खानापूरकडे असाल, तर लावावी. मात्र चढावर वेग वाढेल या आशेने लावू नये. फायदा होतो तो दुसरीकडेच, आणि तो नीट समजून घेतला नाही तर दोन महिन्यांत जिम सुटते.

माझी माहिती आधी देते, म्हणजे आकडे ताडून बघता येतील. वय ४६, वजन ५८ किलो, सायकल साधी अॅल्युमिनियमची रोड बाईक, बाटल्या-पंपासकट १० किलो. पुढे छोटी चेनरिंग (पेडलजवळची चकती) ३४ दात्यांची, मागे मोठं स्प्रॉकेट (चाकावरची चकती) ३२ दात्यांचं, क्रँक म्हणजे पेडलचा दांडा १६५ मिलिमीटर. घर वडगावात, त्यामुळे येळ्ळूरमार्गे राजहंसगड ही आठवड्यातली ठरलेली चढण. वेळ असला की पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबी. थंडीत २०० ची ब्रेव्हे, म्हणजे २०० किलोमीटर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची राइड.

जून का निवडला, ते सांगते. ट्रेनिंगची बहुतेक पुस्तकं युरोपच्या हिशोबाने लिहिलेली असतात. तिकडे हिवाळ्यात बर्फ, म्हणून हिवाळ्यात जिम आणि उन्हाळ्यात सायकल. आपण ते जसंच्या तसं उचललं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले सोन्यासारखे महिने मांड्या दुखवून घेण्यात जातील. आपला बंद हंगाम पावसाळा आहे. मृग लागला की जांबोटीच्या पुढे धुकं इतकं उतरतं की समोरून येणारा ट्रक लाइट दिसेपर्यंत कळत नाही. खड्ड्यात पाणी साठलं की तो चार बोटं खोल आहे की वीतभर, ते चाक आत गेल्यावरच समजतं. त्या दिवसांत रविवारची राइड सुटते, मग बुधवारची सुटते, आणि गणपतीनंतर आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. हेच महिने वजनं उचलायला मोकळे असतात. तीन महिन्यांची फी चांगल्या टायरच्या जोडीएवढी होते, आणि मला तरी ती जोडीपेक्षा जास्त पुरली.

आता मूळ शंका. सायकल म्हणजे पायांचीच कसरत, मग वेगळी ताकद कशाला? ही शंका रास्त आहे आणि तिच्यामागे गणित आहे. ७ टक्के चढ धरा. मी आणि सायकल मिळून ६८ किलो, वेग ताशी ९ किलोमीटर. याला साधारण १२५ वॉट लागतात. माझ्या सर्वांत हलक्या गिअरवर पाय तेव्हा मिनिटाला ६७ फेरे मारतात. क्रँकची लांबी धरून हिशोब केला तर पेडलवर सरासरी ११ किलोंएवढा जोर पडतो, आणि पाय खाली जाताना शिगेला त्याच्या दुप्पट धरू. घरचा जिना चढताना एका पायावर अख्खे ५८ किलो येतात. म्हणजे एका फेऱ्याला लागणारी ताकद आपल्या सगळ्यांजवळ आधीच आहे. घाटात आपण मागे पडतो ते दम कमी पडतो म्हणून. हृदय किती रक्त पाठवतं आणि स्नायू त्यातला ऑक्सिजन किती वापरतात, यावर ते ठरतं, आणि ते सायकलवरच वाढतं. जिममधल्या लेग प्रेस मशीनवर पायांनी शंभर किलो ढकलून वाढत नाही.

पण हे गणित एका फेऱ्याचं झालं. असा एक तास चढलं की चार हजार फेरे होतात, आणि २०० च्या ब्रेव्हेत कित्येक तास पाय फिरतच असतात. पायाची कमाल ताकद १०० धरली आणि प्रत्येक फेऱ्याला त्यातली २२ लागत असेल, तर कमाल १३० झाल्यावर त्याच फेऱ्याला कमाल ताकदीचा सहावा हिस्साच लागतो. जोर कमी टक्क्यांत भागला की स्नायूंतले न दमणारे संथ तंतू काम ओढतात, आणि लवकर थकणाऱ्या जलद तंतूंना उशिरा हाक जाते. फरक पडतो तो शेवटच्या तासांत.

याला पुरावा आहे. नॉर्वेच्या बेंट रोनेस्टाड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरलेल्या सायकलपटूंना बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, जड वजनं उचलायला लावली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खेळाडूंनी आधी १८५ मिनिटं मध्यम जोराने सायकल चालवली आणि लगेच पाच मिनिटं जीव तोडून. वजनं उचलणाऱ्यांचे त्या पाच मिनिटांतले सरासरी वॉट सुमारे ७ टक्क्यांनी वाढले होते. नुसती सायकल चालवणाऱ्यांचे तसे वाढले नाहीत. तीन तास झाल्यानंतरची ती पाच मिनिटं म्हणजे आपल्यासाठी कणकुंबीहून परत येताना पिरनवाडीच्या अलीकडचा रस्ता.

दुसरी भीती अशी की वजनं उचलली तर पाय जड होतील, दम कमी होईल. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांचा १९८० चा प्रयोग इथे सगळे सांगतात, पण अर्धवट सांगतात. त्यात वजनं आणि दमाचा व्यायाम दोन्ही एकत्र करणाऱ्यांचा दम कमी झाला नव्हता, काही आठवड्यांनी ताकदीची वाढ मात्र थांबली होती. म्हणजे दोन्हींच्या भांडणात झळ बसते ती ताकदीला. पैलवानाने काळजी करावी, आपण नाही.

जिममधली पहिली ओढाताण एका सेटमध्ये, म्हणजे न थांबता सलग, वजन किती वेळा उचलायचं यावरून झाली. ट्रेनर चोवीस-पंचवीसचा, मुलगा चांगला. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकू, तुम्ही मशीनवर वीसचे चार सेट मारा, मग ट्रेडमिल." बायका आल्या की हाच तक्ता मिळतो. मी त्याला समजावलं की हलके हलके हजारो फेरे माझ्या पायांना रविवारी मिळतातच, इथे मला ते नको. इथे मला असं वजन पाहिजे की सहाव्या वेळेला सातवी निघणार नाही असं वाटावं. तो थोडा बिचकला, मग स्वतः मागे उभा राहून रॉड सांभाळायला लागला. आता तोच प्लेट आणून ठेवतो.

यातलं मर्म मला घरीच जास्त स्पष्ट कळलं. सासरे तरुणपणी शहापुरात तालमीत होते, गुडघे अजून शाबूत. मी स्क्वॉट, म्हणजे जिममधलं खाली बसून उठणं, करून दाखवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा टाचांकडे बघितलं. तालमीतल्या बैठकेत टाच उचलते, गुडघा पुढे जातो, आणि काम मांडीच्या पुढच्या भागावर येतं. रॉड घेऊन करायच्या स्क्वॉटमध्ये टाच जमिनीला चिकटून राहते, कंबर मागे जाते, नितंब आणि मांडीची मागची बाजू कामाला लागते. सायकलवर पुढची मांडी आधीच भरपूर राबते, मागची बाजू आळसावते, म्हणून आपल्याला दुसरा प्रकार जास्त उपयोगी. ते म्हणाले, "बैठका दमासाठी गं. ताकद पाहिजे तर वजनच उचलायला पाहिजे. जत्रेत दगडी गुंडा उचलणारा काय शंभरदा उचलतो? एकदाच उचलतो की!" नॉर्वेच्या अभ्यासात चार ते दहा वेळाच उचलता येईल एवढं वजन होतं. मामंजींनी त्यातला कागद वाचलेला नाही, पण बोलले तेच.

मंगळवार आणि शुक्रवार, पाऊण तास. आधी दहा मिनिटं अंग गरम करणं. मग स्क्वॉटचे तीन सेट, रोमानियन डेडलिफ्टचे (गुडघे किंचित वाकवून, कमरेतून वाकत रॉड खाली-वर करणं) तीन, डंबेल घेऊन एका पायाने उंच ठोकळ्यावर चढणं, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. दोन सेटमध्ये घड्याळ लावून दोन-तीन मिनिटं विश्रांती, कारण धापा टाकत उचललं तर तो पुन्हा दमाचाच व्यायाम होतो. शेवटी डंबेल रो (वाकून डंबेल पोटाकडे ओढणं), साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर अंग तोलून धरणं), आणि दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन जिमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं. हा शेवटचा प्रकार कुणीच करत नाही, आणि मला सर्वांत जास्त फळला तो हाच.

जूनमध्ये नुसता रॉड, म्हणजे २० किलो. पहिले दोन आठवडे मांड्या इतक्या भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. ते आपोआप जातं, गोळी घेऊ नये. आषाढाच्या शेवटी ३०. गणपतीत ४०. दसऱ्याला स्क्वॉट ५० वर आला आणि डेडलिफ्ट ५५ वर. माझं वजन तेवढंच राहिलं, किलोभर इकडेतिकडे. वजन वाढेल ही भीती घाट चढणाऱ्याला असतेच, आणि ती खोटी नाही. ६८ किलोंच्या एकूण भारात दोन किलो वाढले तर चढावर ३ टक्के जास्त वॉट लागणार. पण थोडे सेट, जास्त विश्रांती आणि जोडीला सायकल चालू असेल तर अंग फुगत नाही. खाण्यात बदल एवढाच की दुपारी उसळीची वाटी मोठी झाली, जिमच्या संध्याकाळी दोन अंडी. राइडला खिशात गोकाकचा करदंट पूर्वीपासून आहेच. गूळ, डिंक, सुकामेवा. चॉकलेटच्या बारसारखा वितळत नाही.

आता ऑक्टोबरपासूनचं सायकलवरचं. राजहंसगडाच्या चढाची वेळ जवळजवळ तीच आहे. काही सेकंद सुधारले असतील, ते वाऱ्यानेही सुधारतात. तीव्र वळणावर उभं राहून पेडल मारताना सायकल पूर्वीसारखी डोलत नाही, एवढं जाणवतं. खरा फरक कणकुंबीच्या फेरीत आला. मलप्रभेच्या उगमापर्यंत जाताना सगळे ताजे असतात, कस लागतो परतीच्या चढउतारांवर. जांबोटी मागे पडली की माझी कंबर दरवर्षी धरायची, उतरून वाकून उभं राहावं लागायचं. यंदा तशी धरली नाही. मनगट आणि खांदेही शाबूत राहिले. आपल्या रस्त्यांवर ही लहान गोष्ट नाही; खड्ड्यांचा मार पायांना लागत नाही, तो हँडलबारमधून हातात आणि मानेत चढतो. रो आणि डंबेल घेऊन चालणं याचा मोबदला तिथे मिळाला. शेवटचे दहा किलोमीटर मी पुढे राहून वारा कापत आले, एरवी मी कुणाच्या तरी मागे चिकटलेली असते.

बायकांसाठी, आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठीही, एक गोष्ट याहून मोठी आहे : हाडं. सायकलवर शरीराचा भार सीट पेलते. हृदयाला ते उत्तम, सांध्यांना आराम, पण हाडाला धक्का आणि दाब मिळाल्याशिवाय ते घट्ट होत नाही. वर्षानुवर्षं फक्त रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता कमी आढळते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पाळी जायच्या सुमारास बाईचं हाड तसंही झपाट्याने झिजतं. खांद्यावर रॉड घेतला की तो दाब सरळ मणक्यातून आणि खुब्यातून खाली जातो. मला जिमचं बाकी काही पटलं नसतं तरी एवढ्यासाठी मी गेले असते. आपल्या ग्रुपमधल्या मैत्रिणींना मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं आणि मग रॉडला हात लावावा.

ज्यांना जिमची गरज नाही असेही आहेत. ज्याची सायकल घेऊन वर्ष झालेलं नाही आणि आठवड्याला तीन-चार तासच मिळतात, त्याने ते तास सायकलवरच घालवावेत. त्याला तिथेच सर्वांत जास्त मिळेल. जो शेतात पोती उचलतो किंवा उद्यमबागेत फाउंड्रीत दिवसभर कास्टिंग हलवतो, त्याला डंबेलची काय पडलीय, त्याला झोप पाहिजे. आणि जिमची स्पिन बाईक, म्हणजे जागेवर चालवायची सायकल, हा जिमचा फायदा नव्हे. दम राखायला पावसात ती ठीक आहे, पण त्यासाठी फी भरून रॉडकडे पाठ फिरवली तर काही उरत नाही. घरी करायचं असेल तर पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून एका पायाचा स्क्वॉट करता येतो. सुरुवातीचे दोन महिने तेवढं पुरतं, पुढे वजन कमी पडतं.

आता मोसम सुरू झाला, तेव्हा जिम आठवड्यातून एकदाच. मिळवलेली ताकद टिकवायला एक दिवस पुरतो, वजन मात्र तेच ठेवायचं, सेट कमी करायचे. पूर्ण सोडलं तर दोन-तीन महिन्यांत बरंच ओसरतं. मोठ्या राइडच्या आधीचे चार दिवस पायांना वजन नाही. जोरकस राइड आणि जिम एकाच दिवशी आली तर सकाळी सायकल, संध्याकाळी वजनं, आणि दुसरा दिवस पूर्ण हलका. दोन्ही वेगळ्या दिवशी लावले तर पाय कधीच ताजे होत नाहीत.

पुढचं ठरलंय ते असं. जानेवारीत चोर्ला घाट उतरून गोव्यात, सत्तरीतल्या केरीपर्यंत, आणि तिथून उलट वर. त्यानंतर २०० ची ब्रेव्हे, साडेतेरा तासांच्या आत. मला बघायचंय ते शेवटच्या ५० किलोमीटरमधला वेग पहिल्या ५० च्या किती जवळ राहतो. मागच्या वर्षीची ब्रेव्हे घड्याळात जपून ठेवली आहे, दोन्ही शेजारी मांडून इथे टाकीन. तोपर्यंत शुक्रवार, स्क्वॉटचे दोन सेट, ५० किलो.