१.३० – बसणे

२६ डिसेंबर, रात्री साडेदहा

टर्कीच्या हाडांचं पाणी मंद आचेवर ठेवलंय. कांदा, गाजर, तमालपत्र, पाचसहा मिरी, बस. अजून तासभर तरी उकळू द्यायचं आहे, तोवर लिहून काढते. कालपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

काल ख्रिसमसचं जेवण आमच्या घरी झालं. नऊ माणसं. याद्या, खरेदी, सोलणं-चिरणं सगळं धरलं तर चार दिवस गेले, आणि जेवण आटोपलं पस्तीस मिनिटांत. नंतर भांडी पुसताना नणंद म्हणाली, "खरं सांग, एवढा खटाटोप करण्यासारखं असतं का गं हे?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तेव्हा काहीच बोलले नाही.

इंग्लंडमध्ये आले त्याला चोवीस वर्षं झाली. त्यातली बावीस वर्षं हे जेवण सासूबाईंनी केलं. टर्की आठ किलोची. तिच्या पोटात एक सारण आणि शिवाय ट्रेमध्ये वेगळं दुसरं, भाजलेले बटाटे, गाजरासारखं दिसणारं पांढरं पार्सनिप, गाजरं, ब्रसेल्स स्प्राउट्स म्हणजे इवलेसे कोबी, बेकनमध्ये गुंडाळलेली छोटी सॉसेजेस, ब्रेड सॉस, क्रॅनबेरी सॉस, ग्रेव्ही. वर सुक्या मेव्याचं पुडिंग, तेही नोव्हेंबरातच करून ठेवलेलं. ॲडव्हेंट म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे चार आठवडे, त्याच्याही आधीच्या रविवारी ते घोटायचं आणि घरातल्या प्रत्येकानं एकदा डाव फिरवून मनात काहीतरी मागायचं, हा त्यांचा नेम. हे सगळं एका ओव्हनवर आणि चार शेगड्यांवर. पहिल्या वर्षी मी दारात उभी राहून "काही मदत करू का?" विचारलं, तर म्हणाल्या, "तू पाहुणी आहेस, बस." पुढची एकवीस वर्षं मी थोडीफार पाहुणीच राहिले.

एवढी मोठी टर्की कशाला, असं मी एकदा नवऱ्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर मला फार उशिरा उमगलं. सासूबाईंचा जन्म १९४२ चा. इथलं युद्धकाळातलं रेशनिंग पूर्ण संपलं ते जुलै १९५४ मध्ये, मांसावरचं सगळ्यात शेवटी. म्हणजे वयाची बारा वर्षं त्यांनी मोजूनमापून मिळणारं मांस पाहिलं. त्या काळी साध्या घरात ख्रिसमसला एक कोंबडी मिळाली तरी मोठी गोष्ट होती. टर्की घराघरांत पोचली ती नंतर. आठ किलोचा तो पक्षी टेबलावर आला की आता कुणाला काही कमी पडणार नाही, एवढंच त्यांना म्हणायचं असायचं. त्याहून लहान आणणं त्यांना जमलंच नसतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्या गेल्या. मग डिसेंबरात कुणालाच ओव्हनकडे बघवेना. आम्ही एका रेस्टॉरंटमध्ये टेबल घेतलं, ऑक्टोबरातच सांगून. नावं ठेवायला जागा नव्हती. बटाटे कुरकुरीत, ग्रेव्ही वाफाळती, वाढणारी मुलं हसतमुख, आणि त्यांनीही आपापली घरं सोडून आमच्यासाठी तो दिवस दिला होता. दोन तासांनी पुढच्या लोकांसाठी टेबल मोकळं करायचं होतं, तसं आधीच सांगितलेलं होतं. तीनच्या आत घरी. चारच्या आत सूर्य मावळलेला. या दिवशी इथे रेल्वे धावत नाही, मोठी दुकानं तर कायद्यानंच बंद असतात, त्यामुळे जायचं तरी कुठे? घराला कसलाच वास नव्हता. जो तो आपापल्या खोलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं फ्रिज उघडला. आत दूध आणि अर्धं लिंबू. थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि काही न बोलता त्यानं दार लावलं. दर वर्षी २६ तारखेला तो तिथेच उभा राहून गार टर्की आणि सारण ब्रेडमध्ये घालून खायचा. ग्रॅननं, म्हणजे आजीनं, त्याच्यासाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवलेलं असायचं.

त्याच दिवशी मी ठरवलं की पुढच्या वर्षी घरीच करायचं.

या ऑक्टोबरात सासूबाईंचा एक ड्रॉवर आवरताना जुना लिफाफा सापडला. त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं, त्यांच्या तिरप्या अक्षरात, ख्रिसमसचं वेळापत्रक. ६.०० – उठणे, सारण. ७.३० – ओव्हन लावणे. ८.०० – टर्की आत. १०.०० – बटाटे सोलणे. ११.०० – पुडिंग वाफेवर. १२.१५ – टर्की बाहेर, बटाटे आत. १.०० – स्प्राउट्स. १.१५ – ग्रेव्ही. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं, १.३० – बसणे.

मी तो लिफाफा हातात घेऊन बराच वेळ जिन्यावर बसून राहिले. बावीस वर्षांत दीड वाजता बसलेल्या सासूबाई मला एकदाही आठवेनात. आम्ही बसायचो. त्या ग्रेव्ही आणायला आत, मग ब्रेड सॉस राहिला म्हणून आत, मग कुणाला मोहरी हवी म्हणून आत. डोक्यावर क्रॅकरमधला (दोघांनी दोन टोकं ओढून फोडायची ती कागदी नळी) कागदी मुकुट, वाफेनं ओला होऊन कानावर घसरलेला. त्या बसेपर्यंत त्यांच्या ताटातल्या ग्रेव्हीवर साय धरलेली असायची. "मला गरम लागतच नाही," म्हणायच्या. आणि आम्ही ते खरं धरून चाललो. मीही. याचं मला फार वाईट वाटतं, अजूनही.

म्हणून या वर्षी मी हिशेब शेवटच्या ओळीपासून वर केला. मला बसायचंय, ताट गरम असताना. त्यासाठी काय काय सोडावं लागेल? ब्रेड सॉस सोडला. नवऱ्याशिवाय तो कुणी खातही नव्हतं. सारण एकच. पुडिंग विकतचं. टर्की साडेपाच किलोची. गोठवलेली असल्यामुळे २२ तारखेला सकाळीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली, कारण वितळायला किलोला दहा ते बारा तास लागतात, म्हणजे पावणेतीन दिवस लागू शकतात. हे ज्याला माहीत नसतं त्याचा २५ तारखेच्या सकाळी जीव टांगणीला लागतो. भाजायला किलोला वीस मिनिटं आणि वर नव्वद, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे कामं वाटून दिली. बटाटे मुलाकडे, स्प्राउट्स आणि पार्सनिप लेकीकडे, थर्मामीटर आणि ग्रेव्ही नवऱ्याकडे, टेबल नणंदेकडे.

मुलाचं बटाट्यांचं काम बघण्यासारखं होतं. एकोणीस वर्षांचा आहे, एरवी टोस्टच्या पुढे जात नाही. दहा मिनिटं उकडून पाणी निथळलं, भांड्यावर झाकण घातलं आणि दोन्ही हातांनी धरून विचारलं, "किती हलवायचं?" मी म्हटलं, "कडा पिठूळ होईपर्यंत." त्यानं एकदा हलवलं, कान लावला. पुन्हा हलवलं. सुरुवातीला टणक टणक आवाज येतो, मग तो मऊ होत जातो, हे त्यानं आपलं आपणच ओळखलं. झाकण काढलं तर प्रत्येक बटाट्याच्या अंगावर पिठाची लव. गूजची, म्हणजे पाळीव हंसाची, चरबी ट्रेमध्ये धूर येईपर्यंत तापवली होती, तीत एकेक बटाटा सोडताना जो चर्र आवाज येत होता, त्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. त्या पिठूळ कडाच चरबी धरतात आणि कुरकुरीत होतात.

टर्कीबद्दल मात्र मला खरं ते लिहायला हवं. मांस म्हणून ती फार चवीची नाही. तंगड्या शिजायला जास्त आच लागते, छातीचं मांस त्याच्या कितीतरी आधी तयार होतं, आणि तंगडीची वाट बघता बघता ते कोरडं पडतं. हा पेच पक्ष्याच्या घडणीतच आहे, करणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. दुसऱ्यांदा वाढून घेताना सगळे हात बटाट्यांकडे जातात. पुढच्या वर्षी मी दोन कोंबड्या भाजल्या तर जेवण जास्त चांगलं होईल, याची मला खात्री आहे. तरी टर्कीच आणली, कारण सासूबाईंनंतरच्या पहिल्या जेवणात टर्की नाही, हे नवऱ्याला झेपलं नसतं.

काल १२.३५ ला नवऱ्यानं थर्मामीटर खुपसला तर मांडीत ६१ अंश. किमान ७० हवेत, आणि तेही दोन मिनिटं टिकून. फ्रिजमधून आधी बाहेर काढायची राहिली होती. चूक माझीच. टर्की परत आत. म्हणजे बटाटे मागे, म्हणजे सगळंच अर्धा तास मागे. माझ्या पोटात गोळा आला.

पण तो अर्धा तासच मला काल सगळ्यात जास्त मिळाला, असं आता वाटतंय. नऊच्या नऊ माणसं, भुकेली, त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात येऊन घुटमळायला लागली. खिडकीवर वाफ धरलेली, तिच्यावर भाची बोटानं चित्रं काढत होती. क्रॅकर जेवणाआधीच फुटले, कागदी मुकुट चढले. लेक स्प्राउट्सची वरची पानं काढत होती आणि नणंद तिच्या शेजारी येऊन न सांगता सुरी घेऊन बसली. पार्सनिप गोड लागतो तो थंडीनं, दंव गोठलं की त्यातल्या पिठाची साखर होते, असं काहीतरी आमचं बोलणं चाललं होतं. मध्येच नणंद म्हणाली, "एका ख्रिसमसला आई मागच्या पायरीवर जाऊन रडली होती. मी दहा वर्षांची असेन. आत राणीचं तीन वाजताचं ख्रिसमसचं भाषण लागलं होतं, सगळे ऐकत होते. मी मागच्या दारातून बघितलं आणि परत आत येऊन बसले. कुणाला सांगितलं नाही."

कुणी काही बोललं नाही. नवऱ्याला हे माहीत नव्हतं. तो ग्रेव्ही ढवळत राहिला, पण बराच वेळ एकाच जागी.

नणंदेनं आयुष्यात ख्रिसमसचं जेवण कधी केलेलं नाही. तिचा नंतरचा तो प्रश्न या पायरीवरून आला होता, हे मला भांडी पुसताना नाही, आज दुपारी कळलं.

आम्ही २.१० ला बसलो. ग्रेव्ही शेगडीवरच राहिली होती आणि मी सवयीनं अर्धी उठले. "आई, बस गं," लेक म्हणाली, आणि मुलगा जाऊन घेऊन आला. मी पहिला बटाटा तोंडात घातला तर जीभ भाजली. चोवीस वर्षांत या जेवणात माझी जीभ भाजावी इतकं गरम मी कधी खाल्लं नव्हतं. पाहुणी असूनही नाही, कारण सासूबाई उभ्या असताना सुरुवात करवत नसे.

माझ्यापुरतं उत्तर हो असं आहे. करण्यासारखं आहे. पण सासूबाईंनी ज्या किमतीला केलं त्या किमतीला नाही, आणि कुठल्याही एका माणसानं एकट्यानं तर नाहीच. ज्या घरात बाकीचे नुसते बसून राहणार असतील त्यांनी खुशाल बाहेर जेवावं, रेडीमेड आणावं, अंडी-टोस्ट खावं. तिथे हा दिवस एका बाईच्या अंगावर पडतो आणि तिला कुणी बघत नाही.

आज संध्याकाळी निघताना नणंदेला मी हे सांगितलं, जसं जमलं तसं. मग तो लिफाफा दाखवला. तिनं चष्मा लावून सगळ्या वेळा वाचल्या, शेवटच्या ओळीखालच्या दोन रेघांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हा मी ठेवू?" मी हो म्हटलं. तिनं तो मुलांच्या फोटोंच्या कप्प्यात, घडी न मोडता ठेवला. दारातून परत वळून म्हणाली, चार किलोच्या टर्कीला फ्रिजमध्ये किती वेळ लागतो? चाळीस ते अठ्ठेचाळीस तास, मी म्हटलं.

फ्रिजमध्ये एका डब्यात गार टर्की आणि सारण काढून ठेवलं होतं. मघाशी बघितलं तर डबा धुवून पालथा घातलेला होता.