भिंतीपलीकडचे पिवळे पाणी

त्या सकाळी मी बंद कारखान्याच्या जमिनीची तपासणी करायला पोहोचले तेव्हा रात्रीच्या पावसाचे पाणी आवारात जागोजागी साचले होते. पश्चिमेच्या भिंतीपलीकडे, जिथे आमच्या आराखड्यात एकही बोअर, म्हणजे नमुने घेण्यासाठीचे खोल छिद्र, नव्हता, तिथल्या डबक्याचे पाणी मात्र लिंबाच्या सालीसारखे पिवळे होते. भिंतीच्या पायथ्याच्या विटांवरही त्याच रंगाची बारीक भुकटी फुलून आली होती.

कारखाना धातूंवर क्रोमचा मुलामा देणारा होता आणि बंद पडून बरीच वर्षे झाली होती. चालवणारी कंपनी विसर्जित झालेली होती, त्यामुळे ज्याने प्रदूषण केले त्यानेच खर्च सोसावा हे तत्त्व तिथे लागू करायला समोर कोणी उरलेच नव्हते. अशी जमीन कोणी विकत घेत नाही. त्यामागे मातीत काय आहे याच्या भीतीपेक्षा काय आहे ते माहीतच नाही याची भीती मोठी असते, आणि ते शोधण्याचा खर्चही कोणाला करायचा नसतो, कारण शोध घेतल्यावर जबाबदारी आपल्या गळ्यात पडेल असे वाटते. अमेरिकेत 1980 च्या कायद्याने जमिनीच्या नव्या मालकालाही सफाईसाठी जबाबदार धरले, तेव्हा नेमके हेच घडले. मग 1995 पासून तिथल्या पर्यावरण संस्थेने अशा जमिनींच्या नुसत्या तपासणीसाठी अनुदान द्यायला सुरुवात केली आणि 2002 मध्ये त्याला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. आमचे कामही अशाच सार्वजनिक पैशातून चालले होते. पैसे फक्त तपासणीचे होते आणि त्यात बारा बोअर बसत होते.

ते बाराही आम्ही मुलाम्याच्या हॉलमध्ये आणि सांडपाण्याच्या टाकीभोवती आखले होते. जुन्या नकाशांत भिंतीपलीकडची जागा मोकळी दाखवली होती आणि तिथेच पुढे बाग करायची होती. नकाशे आणि कागदपत्रे आम्ही बारकाईने पाहिली होती, तरी कागदावरच्या ‘मोकळी जागा’ या दोन शब्दांवर आपण इतका विश्वास ठेवला याचे मला त्या डबक्यापाशी फार वाईट वाटले.

तिथे काम केलेल्या एका निवृत्त कामगारांशी आम्ही आधी बोललो होतो. त्यांना मी पुन्हा फोन केला. “काका, भिंतीपलीकडे काही टाकत होतात का?” ते म्हणाले, “टाकत नव्हतो. पण हॉलची जुनी फरशी उखडली तेव्हा तो सगळा राडारोडा तिकडे पसरून जमीन सपाट केली होती.” वर्षानुवर्षे क्रोमिक आम्ल मुरलेली फरशी भराव म्हणून वापरली गेली होती. पहिल्या भेटीत मी त्यांना सांडपाण्याबद्दल विचारले होते, भरावाबद्दल नाही.

मग अनुदानाचे काम पाहणाऱ्या अधिकारी बाईंना फोन केला. “मॅडम, हॉलमधले दोन बोअर कमी करून भिंतीपलीकडे घ्यावे लागतील, खर्च तेवढाच राहील.” हॉलचे चित्र त्यामुळे अपुरे राहील का, असे त्यांनी विचारले, आणि थोडे राहील हे मला मान्य करावे लागले. त्यांनी छायाचित्रे आणि कारण लेखी मागवले व दुपारपूर्वी मंजुरी दिली. सार्वजनिक पैशाचा हिशेब असा काटेकोर असावा आणि तरीही जमिनीवर जे दिसते त्यानुसार बदलता यावा, असे मला मनापासून वाटते.

भिंतीपलीकडे बोअर घेतला तेव्हा दीड मीटरपर्यंत नळीतून विटांचे तुकडे आणि पिवळट डाग पडलेले काँक्रीट येत राहिले. त्याखाली काळी माती लागली आणि लगेच पाणी. क्रोमिक आम्लातला षटसंयुजी क्रोमियम, म्हणजे त्याचे पिवळे, घातक रूप, पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे तो भरावापुरता थांबत नाही. शिवाय त्याच्यासाठी टिकवणारे रसायन न घालता घेतलेला पाण्याचा नमुना चोवीस तासांत तपासला गेला नाही तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. बाटल्या जागेवरच गाळून भरल्या, वेळ मिनिटासह लिहिली, बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि सहकाऱ्याला त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेकडे पाठवले.

पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे. आमचा आकडा त्याच्या कितीतरी पट निघाला. ज्या हॉलला सगळे घाबरत होते, तिथली माती मात्र टाकीचा कोपरा सोडला तर बरीच बरी होती.

निकालाच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारले की एवढे पैसे खर्चून आपण बागेची जागाच वाईट ठरवली का. मी त्यांच्यापुढे नकाशा ठेवला. सफाई कुठे करायची, किती खोल आणि साधारण किती घनमीटर, हे त्यावर पहिल्यांदाच लिहिलेले होते. फेरस सल्फेट वापरून या क्रोमियमचे त्रिसंयुजी, खूपच कमी घातक रूप करता येते, पण ते मिसळायचे किती हे ठरवायलाही हेच आकडे लागतात. बराच वेळ त्यांनी नकाशा पाहिला आणि मग विचारले, “म्हणजे बाग हॉलच्या जागी करता येईल का?” टाकीच्या कोपऱ्याभोवती आणखी तीन बोअर घेतल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, असे मी सांगितले, आणि त्या तीन बोअरचा प्रस्ताव त्याच बैठकीत लिहायला घेतला.