स्किन टँकमधील हवा अखेर सापडली: हॅटन ते नोल

इंग्लंडमधील हॅटनच्या २१ लॉकांची (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाज्यांच्या कप्प्यांची) चढण आमच्या नॅरोबोटीच्या (कालव्यावरील लांब, अरुंद बोटीच्या) इंजिनाने विनातक्रार पार केली, आणि श्रूलीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर, जेथे पुढे कित्येक मैल एकही लॉक नाही अशा मोकळ्या पाण्यावर, तापमानाचा काटा पुन्हा ९८ अंशांवर जाऊन बसला. गेल्या उन्हाळ्यापासूनच्या नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना इंजिन तापण्याचे हे दुखणे परिचयाचे आहे. थर्मोस्टॅट बदलला, पंपाचा पट्टा नवा घातला, कूलंट संपूर्ण काढून यंत्रणा धुतली, तरी फरक पडला नव्हता. या वेळी मात्र कारण हाती लागले असून ते इतरांच्या बोटींतही असू शकते, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

आधी हॅटनविषयी. ग्रँड युनियन कालव्यावरील ही लॉके १९३० च्या दशकात रुंद करण्यात आली आणि १९३४ मध्ये खुली झाली. प्रत्येक लॉकमध्ये दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. आम्हाला वॉरिकपासूनच एक जोडीदार बोट मिळाली, त्यामुळे काम अर्ध्यावर आले. मेणबत्तीच्या आकाराच्या त्या उंच पॅडल-यंत्रणेवर (लॉकमध्ये पाणी सोडणाऱ्या झडपेच्या यंत्रणेवर) विंडलास म्हणजे हातदांडा फिरवताना खांदे भरून येतात, पण एका लॉकचे पाणी भरत असताना एकाने पुढे जाऊन वरचे लॉक तयार ठेवले, तर दोन्ही बोटी एका लयीत वर चढत राहतात. या संपूर्ण चढणीत इंजिन बहुतांश वेळ संथ गतीवर असते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लॉकांच्या माळेवर तापमान ठीक राहिले म्हणजे शीतन यंत्रणा निर्दोष आहे, असा निष्कर्ष कोणीही काढू नये. खरी परीक्षा लांब, लॉकविरहित टप्प्यावर, जेव्हा इंजिन तासभर मिनिटाला १,६०० फेऱ्यांवर सलग चालते, तेव्हाच होते.

आमची बोट ५७ फुटी, इंजिन बीएमसी १.८. स्किन टँक (ज्यात इंजिनाचे गरम कूलंट फिरून बाहेरच्या कालव्याच्या पाण्याने थंड होते) डाव्या बाजूला, हलच्या म्हणजे बोटीच्या कवचाच्या पोलादाला आतून वेल्ड केलेला, सुमारे ५ फूट लांब आणि २ फूट उंच, म्हणजे १० चौरस फूट. चार अश्वशक्तीला एक चौरस फूट हा जो सर्वमान्य ठोकताळा आहे, त्यानुसार या इंजिनाला एवढे क्षेत्रफळ पुरायला हवे. तरीही एका बोटयार्डने टँक लहान असल्याचे ठामपणे सांगितले होते आणि वसंतात ड्राय डॉकमध्ये (बोट पाण्याबाहेर कोरडी ठेवण्याच्या गोदीत) दुसरा टँक वेल्ड करण्याचा मोठा अंदाजखर्चही दिला होता. तपासणी न करता दिलेल्या अशा निदानावर माझा विश्वास बसत नव्हता, आणि आता तर मुळीच बसत नाही.

किंग्सवुड जंक्शनच्या अलीकडे बोट बांधली, इंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये टाकला आणि इन्फ्रारेड तापमापक हाती घेतला. येथे एक सूचना आवर्जून करतो. टँकच्या बोटीच्या आत दिसणाऱ्या पृष्ठभागाला चंदेरी ॲल्युमिनियम रंग असेल, किंवा पाइप चकचकीत तांब्याचा असेल, तर हे उपकरण प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते, कारण चकाकणारा पृष्ठभाग उष्णता फारशी उत्सर्जित करत नाही. म्हणून काळ्या इलेक्ट्रिकल टेपचे चौकोनी तुकडे कापून टँकवर तीन ओळींत चिकटवले आणि केवळ त्या तुकड्यांवरच नेम धरून वाचन घेतले. स्वस्तातले तापमापकही या पद्धतीने भरवशाचे ठरते. महागड्या उपकरणावर पैसे घालण्याची गरज नाही.

टँकमध्ये शिरणारा पाइप ९४ अंशांवर होता आणि इंजिनाकडे परतणारा ४१ वर. हे दोन आकडे पाहताक्षणी कोडे निम्मे सुटले. टँक अपुरा असता, तर परतणारे पाणीही गरमच राहिले असते. ते इतके थंड होते, याचा अर्थ टँक आपले काम चोख करत होता, परंतु त्यातून पाणी पुरेसे वाहत नव्हते. त्यानंतर टेपच्या वरच्या ओळीवर आलो. मागच्या टोकाशी, जेथे हवा काढण्याचा स्क्रू आहे, तेथे ८९ अंश. आणि तेथून जेमतेम दीड फूट पुढे, टँकच्या मधल्या भागात अगदी वरच्या कडेला, ३६. त्याच जागी चार बोटे खाली मात्र ७० च्या आसपास. स्पॅनरच्या मुठीने हलकेच ठोकून पाहिले, तेव्हा वरच्या कडेचा आवाज रिकाम्या घागरीसारखा आला.

टँकच्या आत पाणी नागमोडी फिरावे म्हणून उभ्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. आमच्या टँकमध्ये त्या आळीपाळीने वरून आणि खालून बसवलेल्या असाव्यात, असे या वाचनांवरून दिसते: पहिल्या पट्टीच्या खालून पाणी जाते, दुसरीच्या वरून, तिसरीच्या पुन्हा खालून. वरच्या पत्र्याला चिकटलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये जी हवा अडकते, तिला मागच्या स्क्रूपर्यंत पोहोचण्यास वाटच नसते, आणि नेमकी तीच हवा दुसऱ्या पट्टीवरील फट बुजवून प्रवाह आवळते. संथ गतीवर ते खपून जाते, फेऱ्या वाढल्या की खपत नाही. वेल्डरने प्रत्येक पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात बोटभर खाच ठेवली असती, तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिले. सकाळी टँकमधील कूलंट एका स्वच्छ ड्रममध्ये वरची कड मोकळी होईपर्यंत काढले. (हे द्रव्य विषारी असते, ते बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) सांडल्यास पंपामार्गे कालव्यात जाते, म्हणून ट्रे आणि चिंध्या आधीच मांडून ठेवाव्यात.) मग मधल्या कप्प्याच्या वरच्या कडेपासून अर्ध्या इंचावर छिद्र पाडले, लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून ड्रिलच्या टोकाला आणि आटे पाडण्याच्या टॅपला घट्ट ग्रीस फासले, आटे पाडले आणि पितळी ब्लीड कॉक (हवा काढण्याची तोटी) बसवला. त्यानंतर कॉक उघडा ठेवून सावकाश कूलंट भरत गेलो. हवा बराच वेळ फुसफुसत राहिली, मग निळे थेंब उडाले आणि शेवटी अखंड धार लागली. जितके कूलंट काढले होते, त्याहून सुमारे २ लिटर अधिक आत गेले. हे २ लिटर म्हणजे आजवर तेथे ठाण मांडून बसलेली हवा. माझ्या दृष्टीने या संपूर्ण दुरुस्तीतील सर्वांत आनंदाचा क्षण तोच होता.

इंजिन बंद असताना कॅलोरिफायरचे (इंजिनाच्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या टाकीचे) गरम पाणी नव्हते आणि ऑक्टोबरच्या ढगाळ उन्हात सौर पॅनेलवर फ्रिज चालेना, म्हणून पत्नीने दूध आणि भाजी पुढच्या डेकवरील पेटीत हलवली. कोळशाच्या शेगडीवर दिवसभर किटली ठेवली होती. आंघोळ आणि भांडी तेवढ्यावर निभावली. वरण-भाताचा कुकर नेहमीप्रमाणे प्रोपेनवर लागला. थंडीत ब्युटेनचे सिलिंडर दगा देते, त्यामुळे वर्षभर प्रोपेनच ठेवावे, हे माझे मत अधिकच पक्के झाले आहे. एका जागी चौदा दिवसांच्या मुक्कामाची मर्यादा आड येऊ नये म्हणून बिघाडाची सूचना कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टला (कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेला) वेळीच दिली होती, पण ती सवलत वापरण्याची वेळ आली नाही.

किंग्सवुडहून नोलच्या पाच लॉकांपर्यंत १,६०० फेऱ्यांवर, बांधलेल्या बोटींपाशी गती उतरवत, सलग प्रवास केला. काटा ८३ ते ८४ वर राहिला. परतीचा पाइप आता ६२ अंश दाखवतो.

ड्राय डॉकमधील दुसऱ्या टँकचा बेत त्यामुळे रद्द. वसंतात केवळ हलचे ब्लॅकिंग (काळा संरक्षक लेप) आणि ॲनोड (हल गंजू नये म्हणून लावलेले धातूचे तुकडे) बदलणे एवढेच करायचे आहे. ब्लीड कॉकच्या जागी कायमची बारीक नळी बसवून ती हेडर टँकपर्यंत (कूलंट भरण्याच्या वरच्या टाकीपर्यंत) चढती नेण्याचाही विचार केला होता, जेणेकरून हवा आपोआप निघून जाईल. हे लिहितानाच मात्र लक्षात येते की, कॅलोरिफायरच्या कॉइलचे वरचे टोकही असेच हवा धरून बसते, आणि दोन्ही नळ्या टी-जोडाने एकत्र करून एकाच जागी नेता येतील. नळी दाब आणि उष्णता सोसणारीच हवी. आतले दिसावे म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घालणे येथे धोक्याचे ठरेल. बीएमसीच्या मॅनिफोल्डवरील हेडर टँकला अशी नळी कोणी जोडली असल्यास, जोड पाण्याच्या पातळीच्या वर घेतला की खाली, हे कृपया कळवावे. नोलच्या वर चढण्यापूर्वी पितळी जोडांची मागणी नोंदवायची आहे.