चवथीची साफसफाई आणि काळी ट्रंक

गोव्यात सत्तरी-पेडण्याकडच्या ज्या घरातला कोणी फौजेत होता, त्या घरात माळ्यावर नाहीतर आतल्या काळोख्या खोलीत एक काळी लोखंडी ट्रंक असते. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. म्हातारा गेला की वर्षभर तिला कोणी हात लावत नाही. मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते आणि नेमका नको तो हात लागतो.

समया, घंटा, तांब्ये घासायला काढतात त्या ढिगात पदकंही जातात. चिंच लावायची, रांगोळीने घासायचं. लख्ख होतात, सगळ्यांना बरं वाटतं. पण बहुतेक गोल पदकांच्या कडेवर, नाण्याच्या कडेएवढ्या जागेत, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. काही चवथी उलटल्या की पदक चकचकीत उरतं आणि ते कोणाचं हे सांगणारी ओळ गुळगुळीत होते. पितळ चकाकवायचं ब्रासो पॉलिशही तेच करतं, जरा सावकाश. कोरडं मऊ फडकं पुरे. काळपटपणा असू द्यावा.

पदकं वाचायलाही यावी लागतात. घरात सांगतात, ‘आजोबा ढाक्याला होते.’ ट्रंकेतून निघतो पश्चिमी स्टार! १९७१ च्या लढाईत पूर्वेच्या आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीसाठी पश्चिमी स्टार दिला गेला. शिवाय स्वातंत्र्याच्या पंचविशीचं एक पदक असतं. १५ ऑगस्ट १९७२ ला जे जे फौजेत होते त्या सगळ्यांना ते मिळालं. शौर्यपदक म्हणून ते दिवाणखान्यात टांगलेलं असतं. नातवंडांना काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

खरा शत्रू पाऊस. रिबनीत अडकवलेली पिन गंजते आणि रिबन तिथेच कुजते, म्हणून पिन आधी काढावी. ट्रंक चार चिऱ्यांवर ठेवतात, पण चिरा ओल पितो. वर लाकडी फळी हवी, आणि भिंतीपासून वीतभर अंतर. दसऱ्यानंतर एक दिवस झाकण उघडं ठेवावं, सावलीत.

डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, मात्र लॅमिनेट करू नये. आत ओल कोंडते, आणि पुढे कागद सुटा करता येत नाही. फॅमिली पेन्शनसाठी तेच लागतं, आणि घोडं अडतं ते बायकोच्या नावावर. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. माहेरच्या कागदावर एक, सासरी दुसरं, आणि पलटणीतल्या कारकुनाने ऐकून लिहिलेलं तिसरं. ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये, म्हणजे जवानाच्या घरच्या माहितीच्या फौजेतल्या अधिकृत नोंदीत, जे चढलं तेच धरतात. दुरुस्ती नवरा जिवंत असताना सोपी. मागाहून प्रतिज्ञापत्रं आणि खेपा.

त्याच पुस्तकात उंची, छाती आणि ओळखीची खूण असते. समजा, उजव्या गुडघ्याखाली जुना व्रण. नातवंडं तो गोळीचा समजतात. पण खूण भरतीच्या दिवशी लिहितात. व्रण बहुधा काजूच्या झाडावरून पडल्याचा.